खानावळीच्या दारात

फेब्रुवारीतली दुपार. कोल्हापुरात सकाळपासून जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळून मी आणि माझा मित्र बाहेर पडलो तेव्हा दीड वाजून गेला होता. मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांत निवृत्त होईल. आम्ही दोघे शाहूवाडी तालुक्यातल्या एकाच गावचे, पहिलीपासून एका वर्गातले. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. आमचे नेहमीचे हॉटेल स्टँडकडे. तिथवर उन्हातून चालत जायचा दोघांनाही कंटाळा आला होता. एवढ्यात एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी दिसली : 'घरगुती खानावळ. शाकाहारी व मांसाहारी. जेवण तयार आहे.' खाली खडूने त्या दिवसाचे पदार्थ आणि दर लिहिलेले.

मी सरळ आत शिरलो. टेबल गाठून मागे वळलो तर मास्तर नाही. तो उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहून पाटी वाचत होता. पाटी चार ओळींची. वाचायला एवढा वेळ लागावा अशी नव्हती.

"काय झालं, मर्दा?"

"काय नाही. हो तू पुढं."

खानावळ, हॉटेल, उपाहारगृह या विषयावर मी वीस-बावीस वर्षे कागद गोळा करतो आहे. माझा धंदा बुकबाइंडिंगचा, इचलकरंजीत. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचे सगळे बांधायला आलेल्या पुस्तकांतून झाले. जुनी पुस्तके बांधताना आत खुणेला ठेवलेली काय काय चिटोरी निघतात, त्यांत एकदा एका खानावळीच्या महिन्याच्या हिशेबाचे कार्ड निघाले आणि तिथून हा नाद लागला. आज माझ्याकडे दरपत्रके, जेवणाची कुपने, बिले आणि पाट्यांची छायाचित्रे मिळून तीन खोकी भरतील एवढा ऐवज आहे. तरीही त्या दुपारी मास्तर दारात का थबकला हे मला चटकन कळले नाही. म्हणून सुरुवात त्या दारातून केली.

आधी शब्द पाहू. कोणी खानावळ लिहितो, कोणी खाणावळ. माझ्या मते 'ण' हाच मूळचा. मराठीत दळण्याची मजुरी ती दळणावळ, धुण्याची धुणावळ, दागिना घडवण्याची घडणावळ. त्याच चालीवर खाण्याचे मोल ते खाणावळ. पुढे ज्या जागी हे मोल मोजून जेवायचे त्या जागेलाच ते नाव चिकटले. दवाखाना, कारखाना यांतला फारसी 'खाना' कानावर असल्यामुळे 'ण'चा 'न' होणे सोपे गेले असावे. म्हणजे आपल्या या शब्दात स्वयंपाक, चव, घर यांतले काहीच नाही, आहे ते पैसे. 'घरगुती खानावळ' हा शब्दप्रयोग नीट पाहिला तर मोठा गमतीचा आहे; एक शब्द घराकडे ओढतो, दुसरा गल्ल्याकडे.

आणि पैसे घेऊन अन्न देणे ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट नव्हती. ब्राह्मणावर आपत्काळ आला आणि त्याला व्यापार करावा लागला तर काय विकू नये याची यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे, तीत शिजवलेले अन्न आहे. अन्न वाढायचे असते, विकायचे नसते, ही समजूत ग्रंथ न वाचलेल्या घरांतही होती. मग परगावी गेलेला माणूस जेवायचा कुठे? बरोबर शिदोरी असायची. ती संपली की नातेवाइकाकडे किंवा जातभाईकडे. नाहीतर धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून शिधा शिजवायचा. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागायचा किंवा सात घरी सात वार लावून जेवायचा. या सगळ्या सोयींत एक गोष्ट समान होती. तुम्हांला घास मिळण्याआधी तुम्ही कोण हे माहीत असावे लागे.

खानावळीने हे बदलायला हवे होते. पैसा जात विचारत नाही, असे म्हणतात. प्रत्यक्षात खानावळीने बराच काळ पैसाही घेतला आणि जातही विचारली.

माझ्या खोक्यांतल्या जुन्या पाट्यांच्या छायाचित्रांत 'ब्राह्मणी खानावळ' आहे, 'हिंदू हॉटेल' आहे, 'मराठा खानावळ' तर अजूनही गावोगाव दिसते. आजचा गिऱ्हाईक या शब्दांतून पदार्थ ओळखतो. मराठा म्हटले की मटण, ब्राह्मणी म्हटले की साधे वरण, गोडसर आमटी, कांदा-लसणाला फाटा. मालवणी, गोमंतक, आगरी हे शब्द तसेच चवीचे झाले आहेत. पण पाटी रंगवणाऱ्याच्या मनात सुरुवातीला फक्त चव नव्हती. चुलीपाशी कोण आहे, वाढणार कोण आणि शेजारी कोण बसणार, या तिन्हींचे आश्वासन त्या एका शब्दात होते. हे आश्वासन ज्यांच्यासाठी होते त्यांना ते जाणवतही नसे. ज्यांच्याविरुद्ध होते त्यांना पाटी पूर्ण वाचावी लागे.

जेवण आणि उपाहार यांतला फरकही इथे सांगायला हवा, कारण त्याशिवाय आपल्या हॉटेलांचा इतिहास उलगडत नाही. पाण्यात शिजवलेला भात, वरण, आमटी हे खरकटे अन्न. त्याला विटाळ लवकर लागतो अशी कल्पना. तळलेले, भाजलेले, दुधातुपातले ते फराळाचे. त्याला सोवळ्याची अट सैल. त्यामुळे बाहेरचे खाण्याची भीड चेपली ती आधी चिवडा, भजी, शेव, पेढा यांच्यावर. 'उपाहारगृह' हा शब्दच ती सवलत सांगतो : इथे जेवण नाही, म्हणून काळजी नको. भाताचे ताट परक्या हातून घ्यायला त्यानंतर कितीतरी वर्षे लागली.

चहा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडला आणि त्यानेच पहिला मोठा घोटाळा केला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून जे ग्रामण्य झाले ते वाचकांना माहीत असेलच. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक, दोघेही त्यात सापडले आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक दिवस पुरला. त्याच टिळकांचा अखेरचा मुक्काम १९२० साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात होता. तिथेच १ ऑगस्टला ते गेले. सरदारगृह म्हणजे उतारूंची राहण्या-जेवण्याची जागा. तीस वर्षांत शहराने एवढी मजल मारली होती. ही मजल सगळ्यांसाठी होती असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. ते ज्या पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले होते तिथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

मुंबईच्या गिरणगावात खानावळ वेगळ्या कारणाने वाढली. कोकण आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बहुतेक एकटे असत. गावकऱ्यांचे गाळे असत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया त्याच चाळींतल्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी, कोणाची नोकरी गेलेली. पहाटे उठून पहिल्या पाळीचे डबे, मग दुसऱ्या पाळीची जेवणे. पैसे महिन्याच्या पगाराला, आणि धान्य मात्र रोज लागणार, म्हणून सावकाराचे कर्ज कायमचे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. तारण ठेवायला त्यांच्याकडे भांड्यांशिवाय काही नव्हते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा या खानावळींवर दुहेरी संकट आले. मेंबर गावी परतले आणि त्यांची बाकी वहीतच राहिली. संपाची पुस्तके लिहिली गेली; त्या वह्यांचे पुस्तक अजून व्हायचे आहे.

त्या वह्यांबद्दल थोडे. खानावळीचे सगळे शास्त्र तिच्या वहीत असते. मेंबराचे नाव, दोन वेळा की एक वेळ, आगाऊ जमा, पाहुणा आणला तर त्याचे ताट वेगळे. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे खाडा. मेंबर जेवायला आला नाही तर त्या वेळेचे पैसे वजा होतात तो खाडा. पण आधी सांगितले तरच खाडा धरायचा, आणि सलग काही वेळा गैरहजर असेल तरच, असे नियम प्रत्येक मालकाचे वेगळे. पुण्या-कोल्हापुरात शिकायला राहिलेल्या कोणालाही विचारा, खाड्यावरून झालेले भांडण त्याला आठवेल. रविवारी सकाळी फीस्ट, म्हणजे गोड जेवण, आणि संध्याकाळी चूल बंद, हाही जवळजवळ सार्वत्रिक कायदा. मेंबराला हे सगळे पाठ असते. अनोळखी खानावळीत नव्याने गेलेला माणूस मात्र परीक्षेला बसल्यासारखा असतो. हात कुठे धुवायचे, ताट आपण घ्यायचे की येईल, भात दुसऱ्यांदा मागितला तर चालतो का, भाकरी मोजून आहे की हवी तेवढी. एकदा कळले की आयुष्यभर कळते, पण पहिल्या दिवशी प्रत्येक जण थोडा भांबावतो.

उडप्यांनी हा भांबावलेपणा मोडला, हे त्यांचे फार मोठे काम आहे असे मी मानतो. माटुंगा स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांचे 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ पासून चालू आहे. आधी कुपन घ्यायचे, नंबर आला की जागा मिळेल तिथे बसायचे, केळीच्या पानावर जेवायचे. शेजारी कोण आहे हे तुम्ही ठरवत नाही, मालकही ठरवत नाही, रांग ठरवते. इराण्याच्या संगमरवरी टेबलाचे काम तेच होते. एक फडका मारला की आधीच्याचा मागमूस नाही. पंगतीला क्रम असतो, वरचे टोक आणि खालचे टोक असते. चौकोनी टेबलाला टोकच नसते. इराणी मुळात आपल्या जातीच्या उतरंडीबाहेरचा, त्यामुळे त्याच्याकडे चहा प्यायला सगळेच जात, असे मुंबईतल्या जुन्या माणसांकडून मी अनेकदा ऐकले आहे. मास्तरचे एक चुलते मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. ते गावी आले की एका गोष्टीचे वर्णन रंगवून करत : इराण्याकडे खुर्चीवर बसून, बशीत ओतून, पाव बुडवून चहा. आम्हा पोरांना त्यात एवढे सांगण्यासारखे काय, हे कळत नसे. निदान मला कळत नसे.

आता त्या दुपारच्या जेवणाकडे.

आत सहा टेबले होती. भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो, एक देवीचा, एक दिनदर्शिका. गल्ल्यावर साठीच्या मावशी. आतून कोणीतरी भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता, आणि माझ्यासाठी हा आवाज पाटीवरच्या कुठल्याही शब्दापेक्षा भरवशाचा. तयार भाकऱ्यांची चवड झाकून ठेवलेली खानावळ आणि मागितल्यावर थापणारी खानावळ यांत मोठे अंतर असते. मास्तर आला आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसला. आम्ही दोन मटणाच्या थाळ्या सांगितल्या.

थाळी आली. सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दही-कांदा, ज्वारीची भाकरी, मागून भात. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : दोन्ही रश्श्यांचा पाया एकच, मटण शिजवलेले पाणी, म्हणजे अळणी. तांबड्यात कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि चटणी पडते, पांढऱ्यात नारळाचे दूध, खसखस किंवा तीळ किंवा काजू, आणि मिरीचा झटका. ताटातले मटण मोजून असते, रस्सा मात्र हवा तेवढा. खानावळीची नियत दुसऱ्या वाटीत कळते. पहिली वाटी सगळेच चांगली देतात. दुसरी मागितल्यावर आतून पाणी वाढवून आले की चव लगेच सांगते. इथे दुसरी वाटी पहिलीसारखीच आली. तांबड्याला चटणीचा जाळ नव्हता, चव होती. पांढरा जरा दाट होता, मला पातळ आवडतो. पण तो माझा हट्ट.

मावशी स्वतः भात घेऊन आल्या.

"कुठनं आलायसा?"

"शाहूवाडीकडनं," मी म्हणालो.

"व्हय? माझं माहेर तिकडंच की. आडनाव काय म्हणायचं?"

मी माझे सांगून टाकले. त्यांनी मान डोलावली आणि मास्तरकडे पाहिले. मास्तरने भाताचा घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग म्हणाला, "मला मास्तर म्हणत्यात. शाळेत हाय."

"मास्तर हायसा? बरं बरं. घ्या, भात घ्या," असे म्हणत त्यांनी त्याला माझ्यापेक्षा दीड पट भात वाढला आणि गेल्या. बाईंच्या मनात काहीही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. माहेरचा माणूस भेटला म्हणून विचारले. पण हा प्रश्न मला गेल्या पन्नास वर्षांत किती ठिकाणी विचारला गेला असेल आणि मी किती सहज उत्तर दिले असेल, याचा हिशेब मी त्याआधी कधी केला नव्हता. मास्तरजवळ तो हिशेब होता. घास सावकाश चावायची युक्तीही होती.

जेवून उठलो आणि चालत भाऊसिंगजी रोडला आलो. या रस्त्यावर एके काळी गंगाराम कांबळे यांचे हॉटेल होते. सकाळी फायली चाळत होतो ते त्याच संदर्भात. गंगाराम हे राजवाड्यातले नोकर, जातीने महार. हौदातल्या पाण्याला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी त्यांना फटके मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला मदत दिली. त्यातून हे चहाचे हॉटेल निघाले. 'सत्यसुधारक' असे त्याचे नाव. दुकान स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. राजाने समोर प्याल्यावर नाही कोण म्हणणार?

ही गोष्ट शाळेच्या भाषणांत सांगितली जाते ती उदारपणाची गोष्ट म्हणून. मला तिच्यात व्यवहाराची समज जास्त दिसते. महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या. १९१९ मध्ये पाणवठे, धर्मशाळा, शाळा अशा सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. म्हणजे हुकमाची ताकद त्यांना माहीत होती. पण सवर्णांच्या हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश द्या, असा हुकूम काढणे वेगळे आणि अस्पृश्याच्या हातचा चहा सवर्णाने विकत घेऊन पिणे वेगळे. पहिल्यात गिऱ्हाईक बदलतो, दुसऱ्यात मालक. दुसरे हुकमाने होत नाही. त्याला रोज कोणीतरी दारात गाडी थांबवावी लागते.

पुढचे कायदे वाचकांना ठाऊक आहेत, तरी एक तपशील नोंदवतो. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. इतक्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेलाचे नाव घ्यावे लागले यातच सगळे आले. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, आणखी एक पाऊल पुढे जातो. उपाहारगृहात नुसता प्रवेश नाही, तर तिथे वापरासाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही त्यात गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी कपबशीपर्यंत विचार केला होता. कारण आत या म्हणायचे आणि कप वेगळा ठेवायचा, ही पळवाट सगळ्या गावांना माहीत होती.

आमच्या गावालाही होती. आणि हे मला अधिकाराने सांगता येते, कारण गावातले हॉटेल माझ्या आजोबांचे होते. शाळेसमोर, कौलारू, दोन बाकडी. बाहेरच्या वळचणीला एक खिळा, त्या खिळ्याला एक कान असलेला, कडेला टवका उडालेला कप. तो तिकडच्या वस्तीतल्या लोकांसाठी. त्यांनी तो काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाला की स्वतः विसळून पुन्हा खिळ्याला. हे १९७७-७८ सालचे, म्हणजे कायदा होऊन बावीस-तेवीस वर्षांनंतरचे चालू होते. मी आठ-नऊ वर्षांचा. सुटीत हॉटेलात बसायचो आणि चहा ओतायचो. किती उंचावरून ओतायचा हे मला कोणी शिकवले नव्हते. बघून आले होते.

वीस वर्षांच्या माझ्या तीन खोक्यांत त्या कपाची नोंद नाही. पाट्या आहेत, कुपने आहेत, दुसऱ्यांच्या खानावळींचे हिशेब आहेत. घरचे हॉटेल मी विषयातून सोयीस्करपणे वगळले होते. शाहू पटोले यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले, मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचे. ते मी वाचले, त्याला कापडी बांधणीही केली. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत जे स्वयंपाकघर कधी आलेच नाही ते त्यात आहे, असे मी चार लोकांना हिरिरीने सांगितलेही. तरी खिळा आठवला नाही.

भाऊसिंगजी रोडला एका टपरीपाशी आम्ही थांबलो. चहा सांगितला. मास्तर म्हणाला,

"तुझ्या आजोबांचा चहा लय चांगला असायचा म्हणं."

मी त्याच्याकडे पाहिले.

"बाबा सांगायचा. गवती चहा घालायचे, दूध कधी पातळ नसायचं. तालुक्यात तसला चहा नाही म्हणायचा."

"तू प्यालायस?"

"मी? नाही. बाबानं कधी पाजला नाही. मी मागितला की म्हणायचा, पोरानं चहा पिऊ नये, काळा पडतो." तो थोडा हसला. "कोर्टाच्या कामाला बाबा कोल्हापुरात यायचा, महिन्यातनं एकदा तरी. फडक्यात भाकरी बांधून. इथं कोण वळखतंय त्याला, कुठं बी बसून जेवला असता. पर नाही. पंचगंगेच्या घाटावर बसून भाकरी खायचा आन् परत गाडी धरायचा. मरेपर्यंत नव्या हॉटेलात गेला नाही. एकदा मीच घेऊन गेलो, नोकरी लागल्यावर. दारातच उभा राहिला. आत या म्हणून मालकानं दोनदा सांगितलं, तवा आला."

मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते. कपात काय ओतले जायचे आणि कोण ओतायचे हे त्याला माहीतच होते. शाळा समोर होती आणि मधल्या सुटीत तो पायरीवर बसलेला असायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षे आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो. त्याच्या आईच्या हातचे मासवडीचे कालवण मी हक्काने मागून खाल्ले आहे. या सगळ्या काळात तो विषय ना त्याने काढला ना मी.

"मी ओतायचो," शेवटी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "सांडायचास लय."

चहाचे पैसे त्याने दिले.

जुलैत मास्तरला कोल्हापुरात दहा दिवसांचे प्रशिक्षण लागले. राहायची सोय होती, जेवणाची नव्हती. मी त्या दिवशी कागद आणायला आलो होतो, म्हणून दुपारी त्याच बोळाशी भेटलो. या वेळी पाटी न वाचता तो आत गेला आणि थेट गल्ल्यापाशी उभा राहिला. दहा दिवस दोन्ही वेळ जेवायचे आहे, काय पडेल, असे विचारले. मावशींनी दर सांगितला, खाडा धरणार नाही हेही सांगून टाकले. मग ड्रॉवरमधून वही काढली, नवे पान उघडले.

"नाव सांगा, मास्तर. पुरं सांगा, मागनं घोटाळा नको."

त्याने पूर्ण नाव सांगितले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. मावशींनी एकेक अक्षर जपून लिहिले, वडिलांच्या नावाचा उच्चार पुन्हा एकदा विचारून घेतला, आणि वहीतून मान वर न काढता म्हणाल्या,

"चपाती का भाकरी?"

"भाकरी," मास्तर म्हणाला.